आत्यांचं माप

नवऱ्याच्या आत्या एकच पिशवी घेऊन कायमच्या राहायला आल्या, तेव्हा माझ्या पोटात तुटलं. खांदे पार उतरलेले, अंगातला झगा दोरीवर वाळत घातल्यासारखा. मी शिवणाचं मशीन थांबवलं.

"आत्या, या अशा उजेडात. माप घेते. छानसा गाऊन शिवते तुम्हाला."

"इतक्या मायेनं कुणी माप घेतलं नव्हतं गं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर माझं बेतणं चुकायला लागलं. गिऱ्हाइकांचं नाही, फक्त माझं स्वतःचं. आम्ही शिवणारे स्वतःचं माप कधी घेत नाही, सवयीनंच कापड कापतो. पण नवा ड्रेस खांद्यावरून घसरला. दुसराही घसरला. मी कात्रीला शिव्या घातल्या.

"वाया कशाला घालवतेस? दे इकडे," आत्या म्हणायच्या. त्यांना तो एक टाका न उसवता बसायचा. बिचारीला काहीतरी नवं मिळतंय, म्हणून मलाही बरंच वाटायचं.

आज दुपारी न राहवून मी स्वतःचं माप घेतलं. आकडे ओळखीचे निघाले. पहिल्या दिवशी आत्यांचे घेतले होते, तेच.

तेवढ्यात मुलगी शाळेतून आली. "भूक लागली असेल ना?" म्हणत मी उठले. तिनं हळूच हात धरून मला पुन्हा बसवलं.

"आजी, तू कशाला उठतेस? आई देईल ना."

माझं मशीन थांबलं. ते चालू होतं, हे मला तेव्हा कळलं.

मशीनवरची बाई गळ्यात टेप अडकवून जवळ आली. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं.

"आत्या, या अशा उजेडात," ती म्हणाली. "माप घेते."