मिठाच्या पाण्याने धुतल्यावर

हेमलता कुरणेच्या त्या पत्राला निगुडकर सरांनी नऊ वर्षं उत्तर दिलं नव्हतं. "सर, काचेच्या मण्यांवर तुम्ही पक्कं बसवलेलं एन्झाइम माझ्याकडे मिठाच्या पाण्याने धुतलं की सगळं निघून जातं. माझं काय चुकतंय?" असं त्यांच्या या विद्यार्थिनीने विचारलं होतं. सरांनी आपले मणी साध्या पाण्यानेच धुतले होते. पत्र आल्यावर त्यांनी गुपचूप मीठ घालून पाहिलं, तर खरोखरच काही उरलं नाही. ज्या शोधनिबंधाने त्यांचं नाव झालं, तोच चुकीचा होता.

आज जुना सहकारी चहाला आला. "हेमलता भेटली होती. पीएचडी सोडून शाळेत शिकवते. म्हणते, माझ्या हाताला यशच नाही."

तो गेल्यावर सर थकल्या आवाजात बायकोला म्हणाले, "आता कोणत्या तोंडाने लिहू तिला?"

"आहे त्याच. नवं कुठून आणणार?"

सरांनी चार कागद फाडले. पाचव्यावर एवढंच उतरलं: "तुझा हात बरोबर होता, चूक माझी होती. हे पत्र हवं त्याला दाखव." मग विचार बदलायच्या आत चपला अडकवून ते कोपऱ्यावरच्या पेटीत पाकीट टाकून आले.