डोहातलं जाळं

"नुसतं जाळं काढतो आणि जातो रे." फाटकाचे गज धरून हैबती काकुळतीला आला होता. "मासं कुजलं तर कुजू दे. पण पाण्यात तसंच पडलेलं जाळं लई वाईट. कुणाचा तरी पाय गुतंल."

फाटकाआडचा राखणदार त्याचा सख्खा मेव्हणा होता. "दाजी, नदी साहेबांची न्हाई, पण नदीकडं जायची वाट त्यांचीच हाय. वर कॅमेरा हाय. माझी नोकरी जाईल."

परवा नदीकाठची जमीन विकत घेतलेल्या साहेबांनी भोयांच्या पिढीजात वाटेवर हे फाटक बसवलं, तेव्हा हैबतीचं जाळं आत डोहात लावलेलंच राहिलं होतं.

तेवढ्यात डोहाकडून किंकाळी आली. साहेबांची लेक पोहायला उतरली होती आणि वर येत नव्हती. मेव्हण्याने कुलूप उघडलं. हैबतीने धावत जाऊन पाण्यात सूर मारला. पोरीच्या दोन्ही पायांना जाळं करकचून आवळलं होतं. भोई जाळ्याला कधी पातं लावत नाही, गुंता हातानं सोडवतो. हैबतीने कमरेचा चाकू काढला आणि बायकोने उन्हाळाभर विणलेलं जाळं सपासप कापलं.

काठावर पोरगी खोकली, पाणी ओकली, रडली. तिला छातीशी धरलेल्या साहेबांची नजर तिच्या पायांतल्या दोऱ्यांवर गेली.

"माझ्या डोहात हे जाळं कुणाचं?" ते ओरडले.



"माझं," धापा टाकत हैबती म्हणाला. "तेच तर परवापासून मागतोय."