पाचवा जोड

ती बुटांच्या दुकानात कामाला होती. परदेशातल्या अनाथाश्रमातली लेक दत्तक घ्यायचं ठरलं तेव्हा लेक दहा महिन्यांची होती. सगळे कागद झाले होते, इथल्या दत्तक कार्यालयाची एक सही तेवढी राहिली होती. आश्रमातली ताई दर सहा महिन्यांनी कागदावर पोरीचं पाऊल आखून पाठवायची, आणि ही लेकीसाठी घेतलेला कोरा जोड दुकानात परत करून पुढचा नंबर आणायची.

"पाय पोचले, आता पोरगीही येईल हो," सासूबाई कागद गालाला लावत म्हणायच्या.

आज कार्यालयातून बोलावणं आलं. पाचवा जोड पिशवीत घालूनच नवरा-बायको दोघं गेली.

"तुमची परवानगी तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी आहे," साहेब चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "ही गेल्या आठवड्यात तीन वर्षांची झाली की!"

"अहो, दोन वर्षं फाईल तुमच्याच टेबलावर होती!" नवरा ओरडला.

साहेबांनी चहात पडलेला ओला तुकडा बोटाने काढून चाटला. मग दुकानात ती गिऱ्हाइकांशी ज्या आवाजात बोलायची, अगदी त्याच गोड आवाजात म्हणाले,


"हिचं राहू द्या. दुसरी दाखवू? हिच्यापेक्षा लहान आहे."