दिवाळीत लंका

"बुद्धाचा देश आहे, चंपतराव. तिथं मुंगीलेही कोणी मारत नाही," असं म्हणत गोपाळरावांनी समुद्राचा फोटो पुढे सरकवला.

त्र्याऐंशी सालचा ऑगस्ट होता. सक्करदऱ्यातल्या त्यांच्या बैठकीत शेजारपाजारची मंडळी दाटीवाटीनं बसली होती. कापडाचं दुकान मुलाच्या हाती देऊन गोपाळरावांनी सहली न्यायचा धंदा धरला होता. पहिली सहल दिवाळीत, लंकेला. तिथली हॉटेलं ठरवायला ते बायकोला घेऊन जुलैत जाऊन आले होते.

"रामेश्वरहून बोट. खर्च म्हणाल तर काश्मीरपेक्षा कमी. समोर समुद्र, हातात शहाळं, अन् सीतामाईचं अशोकवनही दाखवतो."

चंपतराव फोटो न्याहाळत होते. "पेपरात तर काहीबाही येऊन राहिलं गा. तमिळ लोकायले घरात घुसून मारून राहिले म्हणतात."

"पेपरवाल्यायचं काय घेऊन बसले? आम्ही होतो नं तिथं. बाजारातली चार दुकानं जळली, बस. आपल्याले कोण काय करते?"

गोपाळरावांची बायको पुष्पलता चहा देत होती. एकाच हातानं एकेक कप आणून ठेवत होती. दुसरा हात कोपरापर्यंत पट्टीत होता.

"हाताले काय झालं वं, पुष्पा?" शेजारच्या शोभाताईंनी विचारलं.

"हॉटेलात गरम पाणी सांडलं," गोपाळराव म्हणाले.

"पाणी नाही," पुष्पलता म्हणाली. "माणूस जळून राहिला होता. त्याले ओढत होती मी."

चहाचे घोट थांबले.

"कोलंबोच्या रस्त्यावर सिंहली लोकायनं आमची गाडी अडवली," ती सांगू लागली. आवाज चढला नव्हता. "हातात सळया, पेट्रोलचे डबे. आमचा ड्रायव्हर तमिळ होता. मले अक्का म्हणे. त्यायच्यातही मोठ्या बहिणीले अक्काच म्हणतात. गाडी थांबली तसा मोडक्या हिंदीत म्हणाला, अक्का, मी तुमच्यासंगं इंडियातून आलो म्हणून सांगा. मी सांगितलं. हा माहा भाऊ आहे म्हटलं. त्यायनं मले बाजूले लोटलं अन् यायले विचारलं, याचं नाव काय?"

"पुष्पा, आत जा," गोपाळराव म्हणाले.

"यायनं नाव सांगितलं."

गोपाळराव उठले आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. तिच्या हातातला कप भिंतीवर जाऊन फुटला. ती दारावर आदळली, तिथंच चौकटीला धरून उभी राहिली. ओठ फाटला होता. रक्त हनुवटीवर आलं, ते तिनं पुसलं नाही.

"खरं नाव सांगितलं," ती म्हणाली. "नाव ऐकल्याबरोबर तमिळ आहे म्हणून समजलं त्यायले. केस धरून खाली ओढलं. सळईनं गुडघे फोडले, म्हणजे पळू नये. मग अंगावर डबा ओतला. तो आई म्हणून नाही ओरडला, देव म्हणून नाही. अक्का, अक्का करून राहिला होता. मी हात धरला त्याचा. हात सुटला. हाताची कातडी तेवढी माह्या मुठीत राहिली."

गोपाळरावांचा हात पुन्हा वर गेला. चंपतरावांनी तो मनगटात धरला. क्षणभर दोघं तसेच झटापट करत राहिले. तिपाई उलटली, फोटो चहात पडला.

"नाव नसतं सांगितलं तर आपल्यालेही पेटवलं असतं," गोपाळराव ओरडले. "मी तुले वाचवलं."

"वाचवलं," पुष्पलता म्हणाली. "म्हणून तर बोलता येऊन राहिलं."

दाराजवळची दोघं चपला शोधू लागली. चंपतरावांनी मनगट सोडलं. कोणाकडे न बघता ते पुटपुटले, "दिवाळीपर्यंत शांत होईल म्हणा."

शोभाताई उठल्या. त्यांनी आपल्या पदरानं पुष्पलताच्या हनुवटीवरचं रक्त टिपलं, तिला धरून खाली बसवलं आणि स्वतःही शेजारी बसल्या.

"काय नाव होतं वं त्याचं?"

"यायले विचारा," पुष्पलता म्हणाली. "यायनं एकदा सांगितलं आहे."

दाराजवळची माणसंही थांबली. सगळे गोपाळरावांकडे पाहू लागले. गोपाळरावांनी तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. नाव बाहेर आलं नाही.