नाशकात हीटर

"फिटिंग तुटलं तर तुटू दे. हीटर बायपास कर," शेठ टेबलामागूनच मिस्त्रीला म्हणाला. "नाशकात कुणाला लागतो हीटर?"

मिस्त्री नव्या ट्रकच्या केबिन-हीटरचे दोन्ही पाइप एकमेकांना जोडायला लागला. जुन्या ट्रकलाही त्यानं हेच केलं होतं, आणि तोच ट्रक घेऊन शेठनं मला द्राक्षं पोचवायला काश्मीरला धाडलं होतं. उद्या हा नवा ट्रक घेऊन मला पुन्हा तिकडेच जायचं होतं.

माझं टाळकंच सटकलं. बूट-मोजा काढून मी पाय टेबलावर आदळला. बर्फात अडकलेल्या त्या केबिननं माझी तीन बोटं खाल्ली होती.

"पाय खाली घे! टेबलावर लक्ष्मीचा फोटो आहे," शेठ खेकसला.

मिस्त्रीनं जोडलेले पाइप उपसून त्याच टेबलावर फेकले. "नवं फिटिंग मागवा, शेठ. नाहीतर उद्या स्टिअरिंगवर तुम्ही बसा."