राणीला माहीत नव्हतं

शहाऐंशी साली प्रकाशदादाने हॉस्टेलातून एक परदेशी खेळ आणला. प्रत्येकाने एक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. इंदोऱ्यातल्या घरी दादा, त्याचे तीन मित्र आणि धाकटी बहीण सुजाता रोज संध्याकाळी खेळत.

सुजाता राणी होती. सेनापती फितूर झाल्याचं तिच्यासमोरच ठरलं, तेव्हा दादाने बजावलं, "तुले समजलं, पण तुह्या राणीले माहीत नाही. ध्यानात ठेव वं!"

तिने इमानदारीने त्याच सेनापतीच्या हाती गडाच्या चाव्या दिल्या. राणी मारली गेली. चौघांनी टाळ्या वाजवल्या.

नवं पात्र निवडायला म्हणून तिने हसत खेळाचं पुस्तक उघडलं, तर आतून तिच्या नावाचं, फोडलेलं पाकीट पडलं. पुण्याच्या मेडिकल कॉलेजात तिला जागा मिळाली होती. हजर व्हायची मुदत गेल्या आठवड्यातच संपली होती.

"दादा, हे काहून लपवलं?"

फासे गोळा करत दादा म्हणाला, "तू गेली असती, तर मायले कोनं पाह्यलं असतं?"

सुजाताने बाकीच्या तिघांकडे पाहिलं.



पाकिटात काय आहे, असं एकानेही विचारलं नाही.