एकोणतिसावं उत्तर

“चपला नकोत, बूट घाला,” दारातला माणूस म्हणाला. “घाई नाही. बांधा नीट.”

रमजानचा सतरावा दिवस होता आणि दुपारचे चार वाजले होते. उपासानं उस्ताद हिलमी शनवानींच्या तोंडाला आधीच कोरड पडली होती. आता बुटाच्या नाडीची गाठही बसेना. शेवटी बायकोनं, निमातनं, खाली बसून ती बांधली.

“कुठे नेताय यांना?” तिनं विचारलं.

“दोन शब्द बोलायचेत, ताई. इफ्तारीला परत येतील.”

दोन शब्द बोलायला नेलेला वरच्या मजल्यावरचा वकील अडीच वर्षांनी परत आला होता. अजूनही दारावर थाप पडली की तो पलंगाखाली शिरतो, असं त्याची बायको सांगायची.

हिलमींचा गुन्हा काय असावा? ते कैरोच्या रेडिओवर रमजानच्या तीस संध्याकाळी तीस कोडी घालत. अमुक शब्द मूळचा कुठला, तमुक पेयाचं नाव कशावरून पडलं, आपल्या गाण्यात हे वाद्य आलं कुठून. ऐकणाऱ्यांनी तीसही उत्तरं, एकेक ओळीत, ईदनंतर टपालानं पाठवायची. तीसपैकी तीस बरोबर आली तर बक्षीस एक फ्रिज. पण कोडी म्हणजे लोखंडाचे चणे. तीन वर्षं फ्रिज गोदामातच धूळ खात होता. आणि एकवीस वर्षांत हिलमींचं एकही उत्तर कुणी खोटं पाडलं नव्हतं. गरीब माणसाची तेवढीच काय ती मिजास.

मोटार गुप्त पोलिसांच्या कचेरीत शिरली. एका खोलीत त्यांना बसवलं आणि दार बाहेरून लागलं.

टेबलामागचा साहेब घामानं निथळत होता. समोर ना फाइल, ना फोटो. पानापानाच्या कोपऱ्यात मांजर छापलेली एक शाळकरी वही तेवढी उघडी होती.

“अकरावं कोडं,” साहेब म्हणाला. “शस्त्रांच्या कोठाराला युरोपात जो ‘आर्सेनल’ शब्द आहे, तो कुणाचा? हे का विचारलंत?”

“बाशा,” साहेबाला अदबीनं तशी हाक मारत हिलमी म्हणाले, “तो शब्द मुळात आपलाच आहे. इथूनच तिकडे गेला. लोकांना अभिमान वाटावा म्हणून…”

“शस्त्रंच का सुचली? मिठाई का नाही?”

“मिठाई तेविसाव्या दिवशी आहे, बाशा.”

साहेबानं मान वर केली. “म्हणजे पुढची तयार आहेत?”

“तीसही. उत्तरं पाकिटात घालून रेडिओच्या तिजोरीत ठेवलीत.”

“कोण लिहून देतं?”

“कुणी नाही. अल्लाशपथ, मीच.”

“मग पाठ असतील. पहिल्यापासून म्हणा. नुसतं उत्तर. एका ओळीत. भाषण नकोय मला.”

हिलमी सांगू लागले. अकॉर्डियनचे सूर फोडून त्यात आपले पाव सूर बसवले, तेव्हा ते आपल्या गाण्यात रुळलं. पेप्सीचं नाव अपचनाच्या शब्दावरून आलं. बुद्धिबळातल्या ‘शहमात’चा अर्थ राजा मेला. ‘मेला’ म्हणताना त्यांची जीभ अडखळली. राजा मेला, असं आपण या खोलीत बोललो! पण साहेबाचं तिकडे लक्षच नव्हतं. जिभेचं टोक बाहेर काढून, एकेक अक्षर कोरत लिहीत राहिला. मध्येच म्हणाला, “पुन्हा सांगा. सावकाश.”

यातलं कुठलं उत्तर आपल्याला फासावर चढवणार, तेच हिलमींना कळेना. एकेका उत्तरासरशी निमातचा चेहरा लांब लांब जात होता.

“एकोणतिसावं?”

“भंगारवाला गल्लीत ‘रोबाबेकिया’ म्हणून ओरडतो, तो शब्द. इटालियन आहे, बाशा. म्हणजे जुनं सामान.”

पेन थांबलं.

“आमच्या गल्लीतला भंगारवाला इटालियन बोलतो?”

“तसं नव्हे, बाशा, पूर्वी अलेक्झांड्रियात…”

“माझी आजी हा शब्द बोलायची. माझी आजी काय रोमची होती?”

“नाही, बाशा.”

“मग?”

आपल्याला माहीत असलेलं खरं हिलमींच्या ओठांवर होतं. एकवीस वर्षं त्यांनी तेच तर जपलं होतं. पण दार बाहेरून बंद होतं.

“अरबी, बाशा,” ते म्हणाले. “अस्सल अरबी.”

“हां! आता कसं बोललात!” साहेबानं ते तसंच उतरवून घेतलं.

तिसावं झालं तेवढ्यात इफ्तारीची तोफ झाली. साहेबानं तीन खजूर त्यांच्यापुढे सरकवले आणि स्वतः मडक्यातलं पाणी तोंडाला लावून चेहरा वाकडा केला. “इथेही कढत, घरीही कढत. जा तुम्ही. कोडी तीच, क्रम तोच. एकही बदललंत तर पुन्हा बोलावीन. आणि उस्ताद, आपण भेटलोच नाही.”

उरलेल्या संध्याकाळी हिलमींनी मायक्रोफोनपुढे कोडी कशी वाचली, ते त्यांचं त्यांना ठाऊक. निमातनं दाराशी पिशवी भरून ठेवली होती. तिच्यात दोन गंज्या, साबण आणि रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. जिन्यात पाऊल वाजलं की दोघं घास तोंडात तसाच धरून बसत. ईद आली नि गेली, पण कुणीच आलं नाही. तरी पिशवी उचलायचा धीर दोघांनाही होईना.

ईदनंतर तीन आठवड्यांनी पत्रं तपासून झाली. तिजोरीतलं पाकीट फोडून इस्मतबाईंनी एकेक कागद पडताळला होता. पत्रांचा विभाग त्यांच्याकडे होता.

“यंदाही फ्रिज गोदामातच, उस्ताद,” त्या म्हणाल्या. “एक बिचारी मात्र अगदी काठावर येऊन बुडाली. अब्बासिया मोहल्ल्यातली कुणी गृहिणी आहे. एकोणतीस बरोबर, एकच चुकलं.”

“बघू.”

वहीचा फाडलेला कागद होता, कोपऱ्यात मांजर छापलेला. एकोणतिसाव्या ओळीत कोरून लिहिलं होतं, ‘अरबी, अस्सल अरबी’.

हिलमींनी आपली उत्तरपत्रिका पुढे ओढली, ‘इटालियन’वर काट मारली आणि खाली सही केली.

“तिचं बरोबर आहे, इस्मतबाई. चुकलं ते माझं. फ्रिज आजच पाठवून द्या. उकाडा फार आहे.”